प्यूजो ३०९ : कंपनी निघून गेली, गाडी राहिली. मुंबईच्या उपनगरात ती चालती कशी ठेवतात?

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक गाडी असते. ती कधीपासून उभी आहे हे वॉचमनलाही नक्की सांगता येत नाही. ताडपत्री उचलली तर बहुतेक वेळा खाली प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती ८०० निघते. क्वचित मात्र एक वेगळीच हॅचबॅक दिसते. चपटं नाक, मागची काच दोन्ही बाजूंना वळलेली आणि जाळीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. ही प्यूजो ३०९. भारतात मोठ्या प्रमाणावर विकायला आलेली ही पहिली फ्रेंच कॉम्पॅक्ट गाडी, आणि ती बनली मुंबईच्या शेजारी, कल्याणला.

ही गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासमोर आज एकच प्रश्न असतो. ठेवायची की भंगारात द्यायची? कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, शोरूम नाही, पार्टची यादीही सहज मिळत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी इंजिनाचा विचार करतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. ३०९ चं इंजिन आजही बऱ्यापैकी सांभाळता येतं. गाडी अडते ती मागच्या एक्सलवर, काचेवर आणि पत्र्यावर. असं का, हे समजायला थोडा इतिहास लागतो.

कुर्ल्याची कंपनी, कल्याणचा कारखाना

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तिने आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ, मग इटालियन फियाट जोडल्या. एके काळी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, आणि ती कुर्ल्याचीच. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांना भारताचे दरवाजे उघडले, तेव्हा प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली. पीएएल-प्यूजो या नावाची कंपनी उभी राहिली आणि १९९४ पासून कल्याणच्या कारखान्यातून ३०९ बाहेर पडू लागली.

गाडी नवी म्हणून विकली गेली, पण ती तशी नवी नव्हती. युरोपात ३०९ आली होती १९८५ मध्ये आणि १९९३ मध्ये ३०६ ने तिची जागा घेतली होती. म्हणजे तिकडे बंद होत असतानाच ती इकडे सुरू झाली. त्या काळात परदेशी कंपन्यांचा हा नेहमीचाच खाक्या होता. तरीही पद्मिनीतून उतरून ३०९ मध्ये बसणाऱ्याला फरक कळायचा. पाच दरवाजे, पाच गिअर, पुढच्या चाकांना ताकद आणि खड्ड्यांवरून जाताना अंगाला न जाणवणारी मऊ चाल, हे त्या वेळी इथे मोठं अप्रूप होतं.

फार वर्षं हे चाललं नाही. कामगारांचे तंटे सुरू झाले. त्याच सुमारास प्रीमियरने फियाटबरोबर उनो गाडीसाठी दुसरी भागीदारी केली, त्यामुळे प्यूजोशीही बिनसलं. १९९० चं दशक संपायच्या आत प्यूजो भारतातून निघून गेली आणि ३०९ घेतलेले लोक मागे राहिले.

पुढे २०११ मध्ये प्यूजोने गुजरातमधल्या साणंदला कारखाना काढण्याची घोषणा केली, ती बारगळली. २०१७ मध्ये तिने अॅम्बॅसडर हे नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतलं. तिच्या समूहातली सित्रोएन २०२१ मध्ये भारतात आली. या सगळ्याचा ३०९ च्या मालकाला उपयोग शून्य. सित्रोएनच्या शोरूममध्ये ३०९ चा साधा बुशही मिळणार नाही.

इंजिन वाचलं ते मारुतीमुळे

भारतातल्या ३०९ ला दोन इंजिनं होती. पेट्रोलचं १३६० सीसीचं टीयू३ आणि डिझेलचं १५२७ सीसीचं टीयूडी५. यातल्या डिझेलची गोष्ट मजेची आहे.

युरोपातल्या ३०९ मध्ये हे १.५ लिटरचं डिझेल इंजिन कधी बसलंच नाही. तिकडच्या डिझेल ३०९ ला १.९ लिटरचं, वेगळ्या घराण्याचं एक्सयूडी इंजिन असायचं. टीयूडी५ हे प्यूजो १०६ आणि सित्रोएन एएक्स या लहान गाड्यांचं इंजिन. ३०९ चं शरीर आणि १०६ चं काळीज असा जोड फक्त भारतात जमला. म्हणून परदेशातून मागवलेलं ३०९ चं रिपेअर मॅन्युअल डिझेलवाल्याला अर्धंच उपयोगी पडतं. बॉडी, सस्पेन्शन, ब्रेकसाठी ३०९ चं पुस्तक बघायचं आणि इंजिनासाठी १०६ किंवा एएक्स डिझेलचं. हे माहीत नसल्यामुळे चुकीचे पार्ट मागवून पैसे घालवलेले लोक कमी नाहीत.

प्यूजो गेली, पण हे इंजिन मात्र भारतातच राहिलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मारुतीला झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये आणायच्या होत्या. स्वतःचं लहान डिझेल इंजिन तिच्याकडे नव्हतं, म्हणून तिने प्यूजोचं हेच टीयूडी५ घेतलं. त्यामुळे झेन डी आणि एस्टीम डिझेलसाठी बाजारात आलेले हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, हीटर प्लग, फिल्टर, पिस्टन रिंग, बेअरिंग शेल हे सगळं ३०९ च्या मालकाला आपसूक मिळालं. प्रीमियरने २००९ मध्ये आणलेल्या रिओ या गाडीतही प्यूजोच्याच घराण्याचं १.५ लिटर डिझेल इंजिन होतं. अर्थात तिची क्षमता थोडी वेगळी असल्यामुळे पिस्टनसारखे पार्ट डोळे झाकून घेता येत नाहीत.

उपनगरातल्या दुकानात जाऊन 'प्यूजोचा पार्ट आहे का' असं विचारलं तर दुकानदार मान हलवतो. 'झेन डिझेलचा टायमिंग बेल्ट द्या' म्हटलं की तो फळीवर हात घालतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. मारुतीत गिअरबॉक्स वेगळा आहे, इंजिनाचे माउंटिंग वेगळे आहेत आणि बाहेरून जोडलेल्या वस्तूंची मांडणीही सगळी तशीच असेल असं नाही. इंजिनाच्या पोटातले पार्ट बहुतेक जुळतात, बाहेरच्यांची खात्री नाही. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून दुकानात न्यावा, दात मोजावेत, दोन्ही पार्ट शेजारी शेजारी धरून बघावेत आणि मगच पैसे द्यावेत.

पेट्रोलवाल्याचं नशीब एवढं चांगलं नाही. टीयू३ हे इंजिन जगभर लाखोंनी बनलं, पण भारतात दुसऱ्या कुठल्या खपाच्या गाडीत ते आलं नाही. त्याचे पार्ट परदेशात स्वस्त आणि भरपूर आहेत, इथल्या फळीवर मात्र नाहीत. पेट्रोल ३०९ घेणाऱ्याने गॅस्केट सेट, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि टायमिंग बेल्ट यांचा एक जोड घरात ठेवलेला बरा.

पट्टा आणि पाणी

दोन्ही इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीवर नाही, दातेरी रबरी पट्ट्यावर फिरतो. डिझेलमध्ये तोच पट्टा इंजेक्शन पंपही फिरवतो. हा पट्टा तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. पेट्रोललाही हाच नियम धरून चालावं.

उपनगरातल्या उभ्या गाड्यांच्या बाबतीत इथे एक फसगत होते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षंही मोजतं. दहा वर्षं ताडपत्रीखाली राहिलेला पट्टा न फिरताच म्हातारा होतो. तो नेमका कधी बदलला हे कोणी सांगू शकत नसेल, तर गाडी सुरू करून बघण्याआधीच तो बदलावा. सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून घ्यावा, कारण पंप याच पट्ट्याच्या मागे आहे आणि तो गळायला लागला की पुन्हा सगळं उघडावं लागतं.

हे काम करताना फ्लायव्हील आणि कॅमशाफ्ट, आणि डिझेलमध्ये पंपसुद्धा, भोकांत पिना घालून जागच्या जागी अडकवायचे असतात. अनेक मिस्त्री पांढऱ्या रंगाच्या खुणा मारून काम उरकतात. पेट्रोलमध्ये कधी कधी ते निभावतं. डिझेलमध्ये पंपाचा एक दात जरी सरकला तरी गाडी धूर ओकते, सकाळी सुरू व्हायला त्रास देते आणि मग विनाकारण पंप-नोझलच्या दुकानाची वारी सुरू होते. मिस्त्रीला आधीच विचारावं, 'पिना घालून करणार का?' उत्तरावरून पुढचं ठरवता येतं.

थंड पाण्याच्या बाबतीतही एक खोड आहे. हेड अॅल्युमिनियमचं आहे. त्यात नळाचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की आतून ते खात जातं आणि गॅस्केटच्या कडा पोखरल्या जातात. कूलंट घालणं ही इथे चैन नव्हे. शिवाय पाणी बदलल्यावर आत हवा अडकते. ती काढायला वरच्या बाजूला ब्लीड स्क्रू दिलेले आहेत. ते सैल करून पाण्याची सलग धार येईपर्यंत थांबावं लागतं. हे न करता नुसती टाकी भरून झाकण लावलं, तर साकीनाक्याच्या सिग्नलला उभं असताना काटा लाल रेषेकडे जातो आणि मालक म्हणतो, 'परवाच तर काम केलं.'

खरा आजार मागच्या एक्सलचा

३०९ ची मागची बाजू तिच्या धाकट्या बहिणीकडून, प्यूजो २०५ कडून, आलेली आहे. तिथे कॉइल स्प्रिंग नाही आणि पाटेही नाहीत. आडवी एक जाड नळी आहे. तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी हात बसवलेले आहेत आणि त्या हातांना चाकं. स्प्रिंगचं काम करतात आडव्या टाकलेल्या पोलादी कांबी, ज्यांना टॉर्शन बार म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की कांब पिळली जाते आणि परत सुटते. जागा कमी लागते, डिकी मोठी मिळते आणि चाल मऊ राहते. फ्रेंच लोकांची ही हुशारी खरीच.

पण तो हात नळीत फिरतो सुईसारख्या बारीक रोलर बेअरिंगवर. कारखान्यात त्यात ग्रीस भरून सील लावून टाकलं होतं, पुन्हा भरायची सोय ठेवली नव्हती. सील वाळलं की आत पाणी शिरतं. ग्रीस धुऊन जातं, सुया गंजतात, त्यांची पूड होते. मग हात बेअरिंगवर फिरायचा थांबतो आणि सरळ लोखंडावर घासू लागतो. आधी हाताचा दांडा झिजतो, नंतर नळी आतून खाल्ली जाते. ही दुखणी फ्रान्स-इंग्लंडमध्येही सर्वज्ञात आहेत. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. अंधेरी सबवे, कुर्ल्याचा एलबीएस रोड, मिलन सबवे अशा ठिकाणी गुडघाभर पाण्यातून ज्या गाड्या दरवर्षी गेल्या, त्यांची नळी कोरडी राहणं अवघडच.

हा आजार ओळखायला लिफ्ट लागत नाही. गाडी सपाट जागेवर लावून मागून दहा पावलांवर उभं राहावं. मागच्या चाकांचा वरचा भाग आत झुकलेला दिसतो का? टायरची आतली कडा बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली आहे का? डिकीवर दोन्ही हातांनी दाबून सोडल्यावर कुरकुर ऐकू येते का, किंवा गाडी दबतच नाही का? यातलं काहीही 'हो' असेल तर बेअरिंग गेलेली आहेत.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर बदलणं. मागची चाल कडक झाली, आदळते, म्हणून मिस्त्री नवे शॉक टाकतो. फरक पडत नाही, कारण हातच जाम झालेला असतो. दुसरी चूक त्याहून महाग. चाकं आत झुकली म्हणून लोक व्हील अलाइनमेंटला जातात. मागच्या चाकांचा हा झुकाव फिरवून नीट करायला तिथे स्क्रूच नाही. झुकाव दिसतो तो झिजेमुळे, आणि झीज भरल्याशिवाय तो जाणार नाही.

वेळीच पकडलं तर दुरुस्ती आवाक्यातली आहे. एक्सल उतरवायचा, कांबी आणि हात काढायचे, नवी बेअरिंग आणि सील बसवायची. परदेशात २०५ आणि ३०९ साठी याचे तयार संच मिळतात. मुंबईत हे काम दोन हातांनी होतं. एक चांगला सस्पेन्शनवाला आणि एक चांगला लेथवाला. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग आणि ऑइल सीलची दुकानं ओळीने आहेत. जुन्या बेअरिंगवरचा नंबर शाबूत असेल तर तो, नसेल तर आतलं-बाहेरचं माप व्हर्नियरने घेऊन तिथे जाता येतं. दांडा झिजला असेल तर साकीनाका, मरोळ भागातल्या लेथवर नवा करून घेता येतो. पण तो नुसता खरादून चालत नाही. सुईच्या बेअरिंगला कडक केलेला आणि ग्राइंड केलेला पृष्ठभाग लागतो. मऊ लोखंडाचा दांडा काही महिन्यांत पुन्हा खाल्ला जातो. नळीच आतून गेली असेल तर मात्र बुश घालून बोअर करण्याचं नाजूक काम करावं लागतं. ते करणारे थोडे आहेत.

कांबी काढणं हा या कामातला सगळ्यात चिवट भाग. त्यांच्या टोकांना बारीक दाते असतात आणि तीस वर्षांच्या गंजाने ते घट्ट धरलेले असतात. गॅसचा बंबा लावून कांब लाल केली तर तिचं पोलाद मऊ पडतं आणि ती स्प्रिंग म्हणून निकामी होते. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारत राहणं आणि मग स्लाइड हॅमरने ओढणं, हाच मार्ग. काढण्याआधी दात्यांच्या जागेवर खूण करून ठेवावी, कारण दोन-चार दाते इकडेतिकडे झाले की गाडी एका बाजूला उंच दिसते. डावी आणि उजवी कांब अदलाबदल करायची नसते.

एक्सल पुन्हा बसवताना काही जण नळीला भोक पाडून ग्रीस निपल लावून घेतात. कारखान्याने जी सोय दिली नाही ती आपण केली, इतकंच. दर पावसाळ्यानंतर नवं ग्रीस भरता येतं आणि जुन्याबरोबर पाणी बाहेर पडतं. मुंबईसाठी ही सुधारणा मूळ रचनेपेक्षा शहाणपणाची आहे.

जूनच्या आधी

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे थोडंफार पाणी उडालं तरी ती बंद पडत नाही. यामुळेच डिझेलवाले साचलेल्या पाण्यात धाडस करतात. पण हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईतल्या गॅरेजमध्ये अशा इंजिनांची रांग लागली होती. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. टो करून आणायची, प्लग किंवा नोझल काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर आल्यावरच पुढचं.

उभ्या गाडीचं नुकसान वेगळ्या प्रकारे होतं. सोसायटीतल्या झाडाची पानं वायपरखालच्या जाळीत साचतात. तिथून पाणी बाहेर जायची भोकं बुजतात, पाणी आत पायाखाली उतरतं आणि गालिच्याखालचा पत्रा वरून कोरा दिसत असताना खालून जातो. मे महिन्यात ही भोकं तारेने मोकळी करावीत, गालिचा उचलून बघावा. बॅटरीच्या ट्रेखाली, दरवाजाखालच्या पट्टीत आणि डिकीत स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात बोटाने दाबून बघावं. नायलॉनची ताडपत्री मुंबईच्या दमट हवेत घाम धरते आणि पत्र्याला फायद्याऐवजी तोटाच करते. हवा खेळणारं कापडी कव्हर किंवा नुसतं छप्पर बरं.

वायपरचं रबर दरवर्षी बदलावं. पाचशे रुपये वाचवायला गेलं आणि काचेवर चरा उठला, तर ही काच सहज मिळत नाही.

आजचं पेट्रोल, कालची रबरं

पेट्रोल ३०९ कार्ब्युरेटरवर चालते आणि ती बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली पडदी, गॅस्केटं यांना ते मानवत नाही. ती फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी जमतं आणि गंज धरतो. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाकून घेणं हे काम आधी करावं, कारण इथे गळती म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोल. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

डिझेलवाल्याला पंपाच्या जुन्या सिलांकडे लक्ष द्यावं लागतं. सकाळी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर बहुधा कुठल्या तरी जोडावर पाइपने हवा धरलेली असते. मधला एक तुकडा पारदर्शक नळीचा टाकला की बुडबुडे दिसतात आणि शोध सोपा होतो.

गिअर नीट पडत नसतील तर लगेच क्लच उघडू नये. गिअरच्या दांडीपासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या वाट्या आहेत, त्या झिजून निखळतात. आणि पंक्चरवाल्याला आधीच सांगून ठेवावं की या गाडीच्या चाकाला हबवर नट नाहीत, बाहेरून बोल्ट येतात. नाही तर तो चाक पायावर पाडून घेतो.

पार्ट : कुर्ला, ऑपेरा हाउस आणि इंग्लंड

कुर्ल्याचा सीएसटी रोड हा जुन्या पार्टचा मोठा बाजार. चोर बाजारातही नशिबाने काही हाती लागतं. ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवा माल मिळतो, पण तिथे 'झेन डिझेल' हेच नाव चालतं. या तिन्ही ठिकाणी ३०९ चे बॉडी पार्ट मिळतील या भरवशावर राहता येत नाही.

परदेशातून मागवायचं तर देश कोणता हेही महत्त्वाचं. ३०९ चा विकास मुळात इंग्लंडमध्ये, टॅलबॉट या नावासाठी झाला होता आणि ती इंग्लंडमधल्या रायटनच्या कारखान्यातही बनत असे. तिकडे आपल्यासारखंच उजव्या हाताचं स्टिअरिंग. त्यामुळे स्टिअरिंग रॅक आणि हेडलॅम्प इंग्लंडहून मागवावेत. फ्रान्सचा हेडलॅम्प इथे लावला तर त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. बेअरिंग, ब्रेक, इंजिनाचे पार्ट कुठूनही चालतात. खर्च वाचवण्यासाठी प्यूजोने ३०९ ला २०५ चेच दरवाजे वापरले होते, म्हणून दरवाजाचे हँडल, काच वर करायची यंत्रणा अशा वस्तू २०५ च्या नावाने शोधल्या तर जास्त सापडतात. २०५ ला युरोपात आज मोठा चाहतावर्ग आहे आणि तिचे पार्ट नव्याने बनतात. मागचा एक्सल मात्र ३०९ चा जास्त रुंद आहे.

समोरची आणि मागची काच, टेललाइट आणि डॅशबोर्ड यांना पर्याय नाही. वळलेली मागची काच साच्याशिवाय होत नाही आणि कुरिअरने मागवली तर पोहोचेपर्यंत टिकेल याचा नेम नाही. म्हणून अनुभवी मालक चालत्या गाडीबरोबर एक मेलेली गाडीही बघून ठेवतात.

आरटीओत काय लागतं?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. अंधेरी, बोरिवली आणि वडाळा या आरटीओंच्या हद्दीत उपनगरं विभागली आहेत. घाटकोपर-मुलुंडकरांना वडाळ्याला जावं लागतं. फॉर्म २५, फिटनेस तपासणी, पीयूसी, विमा आणि पर्यावरण कर ही मुख्य कामं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये केलं. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना राज्यात नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बंधनकारक आहे.

१० वर्षांवरची डिझेल गाडी बंद, हा आदेश दिल्ली परिसरासाठी होता. मुंबईत तसा सरसकट नियम नाही, पीयूसी आणि फिटनेस पास झाली की गाडी रस्त्यावर आणता येते. 'व्हिंटेज म्हणून नोंद करू' हा सल्लाही अनेक जण देतात. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली असावी लागतात. १९९५ ची ३०९ त्यात बसेल २०४५ मध्ये.

मुदत संपलेली आणि रस्त्याकडेला लावलेली गाडी महापालिका बेवारस म्हणून उचलून नेऊ शकते. विकत घेताना म्हणूनच इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी आरसी बुक मागावं. चॅसिस नंबर स्वतः पत्र्यावर वाचून आरसीशी ताडून बघावा. मालक वारला असेल तर वारसांची नावं आधी लागली आहेत का हे विचारावं. हे झालं की मागे जाऊन दहा पावलांवर उभं राहायचं आणि चाकं बघायची.